१० बाय १० च्या खोलीत मॉनिटरचा बास घुमतो, मिक्समध्ये मात्र पखवाज हरवतो

जवारी_कल्याण
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण आता काय करावं ते खरंच सुचत नाहीये.

भाड्याच्या फ्लॅटमधली बेडरूम आहे. टेप लावून मोजली: १० फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ फूट. विटांच्या भिंती, वर-खाली स्लॅब, खाली टाइल्स. एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला दिवाण. जागा उरली ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात, तिथे टेबल. टेबलावर यामाहा एचएस५ या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या स्पीकरची जोडी. डावा मॉनिटर डाव्या भिंतीपासून वीतभर, उजव्या हाताला सगळी खोली मोकळी.

माझे मामा गेली ३० वर्षं भजनात पखवाज वाजवतात. त्यांच्या मंडळाचे अभंग मी घरीच रेकॉर्ड करून मिक्स करतोय. टेबलाशी बसलो की पखवाजाची डावी बाजू इतकी घुमते की 'धूम' संपतच नाही, पुढच्या मात्रेत शिरतो. मग मी खालचा भाग कापतो. इथे छान वाटतं. तेच गाडीत लावलं की पखवाज पुठ्ठ्याचं खोकं बडवल्यासारखा. मामांनी गाडीत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कणीक कमी लावली होती का रे मी?" डाव्या तोंडावरची कणीक नीट लावली होती. माझ्यासमोर मळून, पाणी लावून, चार वेळा कमीजास्त करून बसवली होती. ते ऐकून फार वाईट वाटलं.

भिंतींना एक इंची फोमचे २४ चौकोन लावून झाले. टाळी वाजवली तर खणखणाट येत नाही आता. बास मात्र तसाच, उलट जास्तच जाणवतो. मॉनिटर बदलू का? सबवूफर लागेल का?

सुतारपक्षी
काहीही विकत घेऊ नका. आधी १० मिनिटांचा एक प्रयोग करा.

ध्वनीचा वेग आपल्याकडच्या हवेत सेकंदाला साधारण ११४० फूट. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी सर्वात खालची लहर अडकते तिची लांबी खोलीच्या दुप्पट. म्हणजे १० फुटांना ५७ हर्ट्झ. तुमची लांबी १० आणि रुंदीही १०, म्हणजे दोन्ही दिशांनी तोच ५७. उंची साडेनऊ, तिचा ६०. तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाटला जायला हवा होता तो घुमारा तुमच्या खोलीत एकाच जागी येऊन बसलाय. चौकोनी खोलीचं दुखणं हेच.

आता प्रयोग. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून ५७ हर्ट्झचा साधा साइन टोन एकाच मॉनिटरमधून, मध्यम आवाजात वाजवा. पंखा बंद. मग खुर्चीवरून उठा आणि खोलीभर हळूहळू फिरा. चारही कोपऱ्यांत जा, मधोमध उभे राहा, खाली बसा, परत उठा. कुठे काय ऐकू येतं ते इथे लिहा. मॉनिटर बदलायचं नंतर बोलू.

डेसिबलदादा
टोन वगैरे ठीक आहे, पण मूळ चूक दिसतेच आहे. मॉनिटर भिंतीला चिकटवलेत. एचएस५ चं पोर्ट, म्हणजे बास बाहेर सोडणारं भोक, मागे असतं. तीन फूट पुढे ओढा, निम्मा त्रास तिथेच संपेल. आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, टेबलाचा खोका वाजायचा थांबेल.

जवारी_कल्याण
@सुतारपक्षी, रात्री साडेअकराला केला प्रयोग. अजून अंगावर काटा आहे.

टेबलाशी बसलो तेव्हा टोन जोरात. उठून खोलीच्या मधोमध आलो आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला. मला वाटलं लाइट गेली. एक पाऊल मागे घेतलं, परत आला. पुढे दाराच्या कोपऱ्यात, म्हणजे टेबलाच्या बरोबर तिरक्या समोर गेलो तर छातीवर दाब यावा इतका मोठा. कपाटाचं हँडल थरथरत होतं, बोट ठेवलं तेव्हा थांबलं. स्पीकर ९-१० फूट लांब, आणि आवाज स्पीकरजवळ होता त्याहून मोठा! मग ७० हर्ट्झ वाजवून बघितला. तो सगळीकडे जवळपास सारखाच.

बायको झोपेतून उठून आली, तिलाही फिरवून ऐकवलं. ती म्हणाली, "मग हा आवाज खोलीच काढतेय की."

सुतारपक्षी
वहिनींनी निदान केलं! स्पीकर फक्त काडी लावतोय, पेटतेय खोली. यामाहाच्या आकड्यांप्रमाणे एचएस५ चा आवाज ७४ हर्ट्झला ३ डेसिबल आणि ५४ हर्ट्झला १० डेसिबल उतरलेला असतो. म्हणजे ५७ ला तो मुळात दमलेला आहे. तरी तिथे डोंगर उभा राहतो तो भिंतींमुळे. उद्या कितीही महाग जोडी आणली तरी ती या खोलीत ५७ लाच घुमेल. आणि खाली जास्त उतरणारा मोठा मॉनिटर किंवा सब आणलात तर जास्त घुमेल.

कोपरा ही अशी जागा आहे जिथे प्रत्येक दिशेची लहर सर्वात जोरात असते. तिथे स्पीकर ठेवणं म्हणजे झोक्याला बरोबर टोकावर असताना धक्का देणं. मधोमध टोन गायब झाला, कारण त्या लहरीचा दाब तिथे शून्याजवळ असतो.

फोमबद्दल. ५७ हर्ट्झच्या लहरीची लांबी २० फूट. तिच्यापुढे एक इंच फोम म्हणजे दारावरचा पडदा. पण तोच फोम वरचे सूर, टाळांची झळाळी, 'स' आणि 'च' मात्र खातो. म्हणून फोम लावल्यावर बास वाढल्यासारखा वाटला. बास होता तेवढाच आहे, वरचं कमी झालं. २४ पैकी निम्मे तरी काढा, मी मनापासून सांगतोय. टाळ मेले की अभंगाचा जीव जातो.

सुतारपक्षी
@डेसिबलदादा, शहाबादीचं बरोबर. जड दगडाने टेबलाची कुरकुर जाते, १००-१५० च्या आसपासचा खोकेपणा कमी होतो. पण तीन फुटांशी मी असहमत आहे, आणि यावर नीट बोललं पाहिजे, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो.

स्पीकरमधून निघालेला बास मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. अंतर लहरीच्या पाव लांबीइतकं असेल तिथे परतलेला आवाज मूळ आवाजाला बरोबर उलटा भेटतो आणि खड्डा पडतो. ११४० ला अंतराच्या चौपटीने भागा. मॉनिटरचं तोंड भिंतीपासून ३ फुटांवर असेल तर खड्डा ९५ हर्ट्झला. २ फुटांवर १४२ ला. डग्गा, पखवाजाची डावी, पुरुषाच्या आवाजाचा पाया, सगळं याच पट्ट्यात. शिवाय १० फुटांच्या खोलीत मॉनिटर ३ फूट पुढे आणले तर डोकं जाणार खोलीच्या मध्याच्याही मागे.

त्यापेक्षा भिंतीजवळच ठेवा, पण कोपऱ्यात नाही. पाठ भिंतीपासून ४ इंच, पोर्टला श्वास घ्यायला तेवढी पुरे. कॅबिनेटची खोली जवळपास ९ इंच, म्हणजे तोंड १३ इंचांवर. खड्डा सरकला २६० च्या आसपास, आणि २६० ला दोन-चार इंच जाडीचा रॉकवूलसुद्धा (दगडी तंतूंची आवाज शोषणारी लादी) कामाला येतो. भिंतीजवळ असल्याने एकंदर बास फुगेल, त्यासाठी मागे 'रूम कंट्रोल' नावाची कळ आहे. ती ५०० हर्ट्झखालचा भाग २ किंवा ४ डेसिबल उतरवते. ४ वर टाका. कळ दिलीच आहे त्यासाठी.

डेसिबलदादा
हिशोब पटला. माझी खोली १८ बाय १३ आहे, तिथे तीन-साडेतीन फुटांवर मला चांगलं वाटतं, त्यावरून बोललो. १० बाय १० ला लागू नाही, मान्य.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. एक मुद्दा घालतो. मी नाशिकला विटांच्या घरात वाढलो, इथे घराच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे पातळ बोर्ड. त्या भिंती बासला थोड्या हलतात आणि काही भाग पलीकडे सोडून देतात. म्हणजे भिंतच थोडंफार बास ट्रॅपचं, बास शोषणाऱ्या पॅनलचं, काम करते. वीट आणि स्लॅब तसं काहीच सोडत नाहीत, सगळा बास परत खोलीत. त्यामुळे अमेरिकन व्हिडिओत "कोपऱ्यात दोन पॅनल लावली आणि झालं" असं दाखवतात ते तुमच्याकडे तेवढं उतरणार नाही. तुम्हाला जास्त जाड आणि जास्त संख्येने लागेल. निराश करायला सांगत नाही. दोन पॅनल लावून फरक पडला नाही की लोक हात टेकतात, म्हणून सांगतोय.

आजोबांच्या कौलारू घरात पखवाज कधीच घुमला नव्हता. वर कौलं, लाकडी माळा, मातीच्या भिंती. बास कुठून कुठून निघून जायचा.

स्वरा_नाशिक
एडिसनकर दादा, अगदी खरं. आणि म्हणूनच दार उघडून ऐकण्याचा उपाय फुकट आहे. @जवारी_कल्याण, तोच टोन लावून दार पूर्ण उघडा आणि फरक बघा. माझ्याकडे दार उघडं ठेवूनच मिक्स होतं, घरातल्यांना सवय झालीये.

भाड्याचं घर म्हणजे भिंतीला भोकं पाडता येणार नाहीत, म्हणून माझा अनुभव लिहिते. मी गादी कारखान्यात गेले. जुन्या दोन गाद्यांचा कापूस पिंजून घेतला आणि चार मोठे लोड भरून घेतले. व्यास दीड फूट, उंची चार फूट. कारखान्यातले काका विचारत होते, बैठकीला एवढे उंच लोड कशाला? त्यांना म्हटलं, सैल भरा, ठासून भरू नका. कापूस ठासला तर लहर आत शिरत नाही, वरूनच परतते. दोन लोड एकावर एक, असे मागच्या दोन्ही कोपऱ्यांत उभे केले. रॉकवूलइतकं नेमकं काम होत नाही, पण दीड फूट जाडी ही दीड फूट जाडी असते. खोका वाजायचा थांबला.

वरची खोळ मांजरपाटाची. रेक्झिनची नको. तोंड लावून फुंकर मारायची, हवा पलीकडे गेली पाहिजे.

जवारी_कल्याण
दोन रविवार गेले. हिशोब देतो.

पहिला रविवार: दिवाण मागच्या भिंतीला नेला, टेबल समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर आणलं. दोन्ही मॉनिटर बाजूच्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर, मागे ४ इंच, दोघांमध्ये सव्वातीन फूट, डोकंही दोघांपासून सव्वातीन फूट. त्या हिशोबाने कान समोरच्या भिंतीपासून ३ फूट ११ इंचांवर आले. कळ उणे ४ वर. खाली शहाबादी.

एका मित्राकडून मोजमापाचा माइक आणला, यूएमआयके-१, सोबत त्याची कॅलिब्रेशन फाइल. मोजमापाचं सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू तर फुकटच आहे. टेबल हलवायच्या आधी एक माप घेऊन ठेवलं होतं, ते बरं झालं.

आधी: ५७ ला शेजारच्या भागापेक्षा १४ डेसिबलचा सुळका. वॉटरफॉल आलेखात (कुठला आवाज किती वेळ रेंगाळतो ते दाखवणारा) बाकी सगळं विझल्यावरही ५७ ची कड ८०० मिलिसेकंदांपर्यंत उभी. मामांचा 'धूम' पुढच्या मात्रेत शिरत होता तो हाच.
नंतर: सुळका ७ डेसिबल. फक्त टेबल हलवून! एक रुपया खर्च नाही. २६० ला खड्डा पडलाय, अगदी सांगितला तिथेच.

सुतारपक्षी
हे वाचून फार बरं वाटलं. निम्मा सुळका कशाने गेला ते सांगतो. दोन्ही स्पीकर सममितीत आले की डाव्या-उजव्या भिंतींमधली ती ५७ ची लहर दोघे मिळून उठवूच शकत नाहीत, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. पखवाज मिक्समध्ये मधोमध आहे, त्याला हा फायदा पूर्ण मिळतो. आणि तुमचं डोकं पुढून-मागे ३९ टक्क्यांवर आलं. ३८ टक्के ही सुरुवात करायला चांगली जागा मानतात. मध्यावरच्या खड्ड्यातही नाही आणि भिंतीजवळच्या फुगाऱ्यातही नाही. दगडावरची रेघ नव्हे ती. तीन-तीन इंच पुढे-मागे सरकून प्रत्येक ठिकाणी मापं घ्या. डावा-उजवा वेगळा मोजा, मग दोन्ही मिळून. बास बघताना आलेख गुळगुळीत करू नका.

आता जाडी. ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, दोन इंची स्लॅब दोन-दोन जोडून चार इंच. सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या चौकटी, पाठ उघडी, वर मांजरपाट. कोपऱ्यात तिरक्या उभ्या करायच्या, एकावर एक, जमिनीपासून छतापर्यंत जेवढं जमेल तेवढं. मागची पोकळी तशीच राहू द्या. लहरीतली हवा भिंतीला लागून हलतच नाही, भिंतीपासून लांब हलते. म्हणून पोकळी ठेवून लावलेलं पॅनल चिकटवलेल्यापेक्षा खाली उतरतं. खिळा एकही नको, चौकट आपल्या पायावर उभी राहते.

कापताना मास्क, पूर्ण बाही, आणि खोलीत नाही, गच्चीवर. ते तंतू त्वचेला दोन दिवस खाजवतात.

आणि आताच खरं सांगतो: यानेही ५७ पूर्ण जाणार नाही. ८० च्या वरचं सगळं मोकळं होईल आणि ५७ लवकर विझायला लागेल. तेवढं पुरतं.

जवारी_कल्याण
चार कोपऱ्यांपैकी एकात दार उघडतं, तो सोडला. दोन कोपऱ्यांत रॉकवूलच्या दोन-दोन चौकटी, तिसऱ्यात स्वराताईंच्या पद्धतीने लोड. मॉनिटरच्या मागे रॉकवूलची दोन इंची स्लॅब. फोम १६ चौकोन काढला.

५७ आता ५ डेसिबल वर, आणि कड ४५० मिलिसेकंदांत बसते. २६० चा खड्डा जवळपास भरला. आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तंबोरा. बुवांचा सूर काळी एक, खर्जाची तार ६९ हर्ट्झला. आधी खर्ज वाजला की तो नुसता गोळा यायचा. आता तार सुटते, जवारी उघडते, मग खर्ज बसतो, असं सगळं क्रमाने ऐकू येतं. एकटाच बसून २० मिनिटं नुसता तंबोरा ऐकला.

मग उरलेल्या ५ डेसिबलसाठी मी मास्टरवर, म्हणजे अख्ख्या मिक्सवर, ईक्यू (इक्वलायझर) लावला, ५७ ला अरुंद कट. ऐकायला सपाट झालं. एक्स्पोर्ट केलं, मामांच्या गाडीत लावलं, परत पखवाज पोकळ! आता काय चुकलं?

स्वरा_नाशिक
अहो, तो कट तुमच्या खोलीसाठी होता, गाण्यासाठी नव्हता. मास्टरवर लावलात म्हणजे तो फाइलबरोबर गाडीत गेला. गाडीला कुठे ५७ चा त्रास आहे?

रेकॉर्डिंगसाठी रीपर सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'मॉनिटरिंग एफएक्स' नावाची वेगळी साखळी असते. तिथे लावलेलं तुम्हाला ऐकू येतं, रेंडरमध्ये, म्हणजे एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीत, जात नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचा प्रोग्राम आहे, पण ऑडिओ इंटरफेस एएसआयओ ड्रायव्हरवर चालवत असाल तर तो मध्ये येत नाही, म्हणून रीपरचंच बरं. हेडफोन लावताना ती साखळी बंद करायला विसरू नका.

सुतारपक्षी
ताईंनी सांगितलं ते बरोबर. भर एवढीच: ईक्यूने फक्त सुळके कापा. खड्डा कधीही भरायला जाऊ नका. खड्ड्यात दोन लहरी एकमेकींना खातात, तुम्ही ६ डेसिबल ओतलेत तर परत येणारी लहरही ६ ने वाढते. खड्डा तिथेच, आणि पाच इंची वूफर मात्र बाहेर यायला बघतो. सुळक्याचं तसं नाही. त्याच्या रुंदीइतकाच बेतून कट दिला तर बसल्या जागी घुमाराही लवकर विझतो. पण फक्त बसल्या जागी. दिवाणावर बसलेल्या माणसाला वेगळंच ऐकू येईल.

म्हणून क्रम सोडू नका. आधी जागा, मग जाडी, ईक्यू सर्वात शेवटी. ईक्यूपासून सुरुवात केली असतीत तर १४ डेसिबल कापावे लागले असते, आणि डोकं अर्धा फूट हललं की सगळं बिघडलं असतं.

जवारी_कल्याण
साखळी बदलली. पाचही अभंग पहिल्यापासून मिक्स केले. जुन्या फाइलींत पखवाजावर मी ६० च्या आसपास ९ डेसिबल कापले होते, ते बघून हात थरथरला. आता कट जवळपास काहीच नाही, नुसतं ३५ खालचं काढलंय.

काल मामांना गाडीत ऐकवलं. पहिला अभंग पूर्ण होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला मी लय जरा ओढलीये, ती काढता येईल का?" आता त्यांना त्यांचा हात ऐकू येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शेवटचं विचारतो. स्वराताई, पावसाळ्यात कापसाच्या लोडांना बुरशी लागते का? कल्याणला जूनपासून भिंतीला ओल धरते, आणि तो कोपरा बाहेरच्या भिंतीचा आहे.

स्वरा_नाशिक
भिंतीला टेकवून ठेवलात तर लागते. चार बोटं अंतर सोडा, खाली लाकडी पाट ठेवा, थेट टाइल्सवर नको. पावसाळ्याआधी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात, मध्ये एकदा उलटून. ओल फारच असेल तर त्या कोपऱ्यात रॉकवूलची चौकट न्या आणि लोड आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात आणा. रॉकवूलला बुरशी लागत नाही, फक्त त्याच्यावरचा मांजरपाट धुवावा लागतो.